पेशी का मेली? जगण्याचे आणि मरणाचे संकेतमार्ग क्रमाने तपासण्याची पद्धत

संवर्धनात वाढणाऱ्या पेशींवर एखादे औषध घातले आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या बऱ्याच पेशी तळ सोडून तरंगताना दिसल्या, तर वहीत ‘ॲपॉप्टोसिस’ (पेशीचा नियोजित मृत्यू) असे लिहून मोकळे होण्याकडे बहुतेकांचा कल असतो. हा निष्कर्ष कधी बरोबर ठरतो, कधी अर्धवट असतो आणि कधी साफ चुकीचा निघतो. पेशी मेल्या एवढे कळल्याने त्यांचा कोणता संकेत तुटला, मृत्यू कोणत्या वाटेने आला आणि तो कुठे अडवता आला असता, यांपैकी कशाचेच उत्तर मिळत नाही. ती उत्तरे कोणत्या क्रमाने शोधावीत हे या लेखात मांडले आहे. पेशीसंवर्धनाची प्राथमिक ओळख असलेले पदव्युत्तर विद्यार्थी आणि संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बहुपेशीय प्राण्याची पेशी आपोआप जगत राहत नाही. शेजारच्या पेशी, आधारद्रव्य आणि वाढघटक यांच्याकडून तिला जगण्याची परवानगी सतत मिळत राहावी लागते, आणि ती थांबली की मरण्याची यंत्रणा, जी पेशीत आधीपासून तयारच असते, कामाला लागते. मार्टिन रॅफ यांनी १९९२ मध्ये हा विचार ठामपणे मांडला. त्याआधी रिटा लेव्ही-माँटाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांच्या चेतावाढघटकावरील कामातून (त्यासाठी त्यांना १९८६ चे नोबेल मिळाले) हेच सूचित झाले होते: गर्भावस्थेत चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि ज्यांना पुरेसा वाढघटक मिळत नाही त्या मरतात. त्यामुळे ‘या पेशीला कशाने मारले?’ या प्रश्नाबरोबर ‘ती आतापर्यंत कशाच्या जोरावर जगत होती?’ हाही प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो.

पायरी १: मृत्यू खरोखर झाला आहे का, ते आधी ठरवा

एमटीटी चाचणीचा आकडा निम्म्यावर आला म्हणजे निम्म्या पेशी मेल्या, असा अर्थ होत नाही. ही चाचणी पेशींची चयापचयातली क्षपणक्षमता मोजते. विभाजन थांबले, पेशी कमी वाढल्या किंवा मायटोकॉन्ड्रियाचे काम मंदावले, तरी रंग तितकाच फिका येतो. म्हणून पहिल्याच प्रयोगात दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्यात: एकूण पेशींची संख्या आणि ट्रिपॅन ब्लू आत घेणाऱ्या, म्हणजे पटल फाटलेल्या पेशींचे प्रमाण. औषध घातल्यावर संख्या सुरुवातीइतकीच राहिली आणि निळ्या पेशी वाढल्या नाहीत, तर औषधाने वाढ थांबवली आहे आणि पुढचे सगळे प्रश्न वेगळे आहेत.

पायरी २: संकेतमार्गांचा नकाशा आधी कागदावर काढा

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी आपल्या पेशीपुरता नकाशा काढावा. पाठ्यपुस्तकातला बाणांचा जंजाळ उतरवून काढण्यात अर्थ नाही. तीन भाग पुरेत.

पहिला भाग जगण्याच्या संकेतांचा. वाढघटक पेशीपटलावरच्या ग्राहीला चिकटतो, ग्राही पीआय३-कायनेजला (कायनेज म्हणजे फॉस्फेट जोडणारे विकर) बोलावतो, ते पटलातल्या एका लिपिडावर जादा फॉस्फेट जोडते आणि त्या लिपिडाच्या आधाराने एकेटी हे कायनेज पटलाशी येऊन सक्रिय होते. पूर्ण सक्रियतेसाठी एकेटीवर थ्रिओनिन ३०८ आणि सेरीन ४७३ या दोन्ही जागी फॉस्फेट लागतो. पीटेन हे विकर लिपिडावरचा फॉस्फेट काढून हा मार्ग बंद करते. अनेक कर्करोगांत पीटेन हरवलेले असते, म्हणजे परवानगी न मागताच मिळत राहते. सक्रिय एकेटी बॅड या मारक प्रथिनाला फॉस्फेट लावून अडकवून ठेवते आणि फॉक्सो या नियामकाला केंद्रकाबाहेर ठेवते, जेणेकरून तो बिमसारखी मारक जनुके चालू करू शकत नाही. शेजारीच ईआरके या दुसऱ्या कायनेजचा मार्ग चालतो, जो तयार झालेल्या बिमला फॉस्फेट लावून त्याचा नाश घडवतो. म्हणजे एक मार्ग बिम बनू देत नाही आणि दुसरा बनलेले टिकू देत नाही. एकाच मार्गाचा अवरोधक घालून ‘काहीच झाले नाही’ असे का दिसते, त्याचे उत्तर बरेचदा या दुहेरी व्यवस्थेत सापडते.

दुसरा भाग मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलावरच्या बीसीएल-२ कुटुंबाचा. बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ हे रक्षक. बॅक्स आणि बॅक हे पटलाला भोके पाडणारे. आणि बिम, बॅड, प्युमा, नोक्सा, बिड हे संकट ओळखून रक्षकांना निकामी करणारे किंवा बॅक्स-बॅकला थेट चेतवणारे. डीएनएला इजा झाली की पी५३ हा जनुक-नियामक प्युमा आणि नोक्साची जनुके चालू करतो. वाढघटक तुटला की बिम आणि बॅड पुढे येतात. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी सुनावणी याच पटलावर होते. बॅक्स-बॅकची भोके पडली की सायटोक्रोम-सी बाहेर येते, सात ॲपॅफ-१ रेणूंचे चक्र बनते, त्यावर कॅस्पेज-९ (कॅस्पेज म्हणजे प्रथिने कापणारी विकरे) सक्रिय होते आणि ते कॅस्पेज-३ व ७ यांना कापून जागे करते. सोबत बाहेर पडलेले स्मॅक हे प्रथिन कॅस्पेजला अडवणाऱ्या एक्सआयएपीला बाजूला करते. सायटोक्रोम-सीसारख्या श्वसनातल्या प्रथिनाचा हा दुसरा धंदा १९९६ मध्ये शिआओडाँग वांग यांच्या गटाने दाखवला, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणे अनेकांना जड गेले होते.

तिसरा भाग मृत्युग्राहींचा, म्हणजे फास, ट्रेलचे ग्राही आणि टीएनएफचा (ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरचा) पहिला ग्राही. फासवर थेट फॅड हे जोडणारे प्रथिन आणि कॅस्पेज-८ जमतात. काही पेशींत तेवढे कॅस्पेज-८ थेट कॅस्पेज-३ ला पुरते. इतर पेशींत ते बिडचे तुकडे करून मायटोकॉन्ड्रियाची मदत घेते, कारण एक्सआयएपीचा अडथळा तिथे मोठा असतो.

टीएनएफचे प्रकरण मात्र वेगळे आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. नावात ‘नेक्रोसिस’ असूनही टीएनएफ एकटा घातल्यावर बहुतेक पेशी मरत नाहीत. ग्राहीपाशी पटलावर आधी ट्रॅड, आरआयपीके१, ट्राफ-२ आणि सीआयएपी या प्रथिनांचा पहिला संच जमतो. आरआयपीके१ वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या चढतात आणि त्यांच्या आधाराने एनएफ-कप्पा-बी हा जनुक-नियामक चालू होतो. तो सी-फ्लिप आणि सीआयएपीसारखी रक्षक प्रथिने तयार करवतो, आणि पेशी जगते, वर दाहाचे संकेतही सोडते. या रक्षक प्रथिनांची निर्मिती सायक्लोहेक्झिमाइडने थांबवली, तर पेशीद्रवात फॅड आणि कॅस्पेज-८ यांचा दुसरा संच बनतो आणि तीच पेशी त्याच टीएनएफमुळे ॲपॉप्टोसिसने मरते. स्मॅकची नक्कल करणाऱ्या रेणूने सीआयएपी नाहीसे केले, तर आरआयपीके१ वरच्या साखळ्या घटतात, दुसऱ्या संचात तोही सामील होतो आणि शेवट तोच होतो. आता कॅस्पेज-८ सुद्धा अडवले, तर आरआयपीके१ आणि आरआयपीके३ एकमेकांना जोडले जातात, आरआयपीके३ एमएलकेएलला फॉस्फेट लावते, एमएलकेएल पेशीपटलात शिरून ते फाडते, आणि पेशी नेक्रोप्टोसिसने फुटते. ग्राही तोच, संकेत तोच, निकाल तीन. त्यामुळे ‘अमुक मार्ग मृत्यू घडवतो’ अशी वाक्ये मी पेशीचा प्रकार आणि परिस्थिती सांगितल्याशिवाय वाचून सोडून देतो.

नकाशा काढताना आपल्या पेशीत कोणता भाग मुळातच नाही, हेही नोंदवावे. एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींत कार्यक्षम कॅस्पेज-३ नसते, त्यामुळे डीएनएची नेहमीची शिडी (तुकडे झालेल्या डीएनएचे जेलवरचे पट्टे) तिथे शोधणे व्यर्थ आहे. हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत विषाणूचे ई६ प्रथिन पी५३ चा नाश करते, आणि त्यांत आरआयपीके३ नसल्यामुळे नेक्रोप्टोसिसची अपेक्षाही ठेवता येत नाही. एवढी माहिती आधी काढली तर कित्येक आठवडे वाचतात.

पायरी ३: वेळेचे तक्ते आखा

एकाच वेळी, म्हणजे सवयीने चोवीस तासांनी, नमुना घेणे हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा आळस आहे. एकेटीवरचा फॉस्फेट वाढघटक काढल्यावर काही मिनिटांत उतरू लागतो. एमसीएल-१ चे आयुष्य फार छोटे असते. निर्मिती थांबल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात ते निम्म्यावर येते. बिम आणि प्युमाची वाढ काही तासांनी दिसते. त्यानंतर प्रत्येक पेशी आपापल्या वेळी कडेलोट करते: एकसारख्या पेशींतही भोके पडण्याची वेळ तासांच्या फरकाने बदलते, पण एकदा पडू लागली की एका पेशीतले सायटोक्रोम-सी काही मिनिटांत बाहेर येते. म्हणूनच वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) हळूहळू चढणारा पट्टा दिसला, तर तो प्रत्येक पेशीतला मंद बदल असेलच असे नाही. एकेक करून झटक्यात मरणाऱ्या पेशींची ती बेरीज असू शकते.

पहिल्या फेरीसाठी १५ मिनिटे, १ तास, ४, ८, १६ आणि २४ तास हा आराखडा बहुतेक वेळा पुरतो. प्रत्येक वेळेसाठी औषधाविना, फक्त त्याच्या द्रावकासह ठेवलेला कंट्रोल स्वतंत्र हवा. मृत्यू निश्चित घडवणारा कंट्रोलही हवा, ज्यासाठी १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन बरेच जण वापरतात.

पायरी ४: आधी डोळ्यांनी बघा

केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये ॲपॉप्टोसिस हे नाव दिले ते केवळ रूपावरून, आणि आजही फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली पंधरा मिनिटे घालवणे हे कोणत्याही किटपेक्षा जास्त सांगते. ॲपॉप्टोसिसमध्ये पेशी आधी आक्रसते आणि कडेने चकाकू लागते. मग पटलावर फुगे येतात आणि ओसरतात, जणू आत काहीतरी उकळते आहे. शेवटी ती बंदिस्त तुकड्यांत विभागली जाते. होएश्ट या डीएनए-रंगाने रंगवल्यास केंद्रकाचे घट्ट, तेजस्वी गोळे दिसतात. नेक्रोप्टोसिसमध्ये याउलट पेशी फुगते, पारदर्शक होते आणि फुटून चपटी पडते. केंद्रकाचे तसे तुकडे होत नाहीत.

संवर्धनाच्या भांड्यात मेलेल्या पेशी गिळणाऱ्या भक्षकपेशी नसतात. शरीरात ॲपॉप्टोसिसचे तुकडे लगेच उचलले जातात. भांड्यात ते पडून राहतात आणि काही तासांनी त्यांचेही पटल फाटते. उशिरा पाहिले तर व्यवस्थित ॲपॉप्टोसिसने मेलेली पेशीही फुटलेलीच दिसेल, हे पुढच्या पायरीत विसरून चालत नाही.

पायरी ५: ॲनेक्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइड

निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड पटलाच्या आतल्या थरात ठेवलेले असते. कॅस्पेज चालू झाली की ते बाहेर येते आणि ॲनेक्सिन-व्ही त्याला चिकटते. प्रोपिडियम आयोडाइड हा रंग मात्र पटल फाटल्यावरच आत शिरते. फ्लो सायटोमीटरवर फक्त ॲनेक्सिन घेणाऱ्या पेशी ‘लवकरचा ॲपॉप्टोसिस’ आणि दोन्ही घेणाऱ्या ‘उशिराचा’ असे वाचले जाते. यातला दुसरा भाग फसवा आहे: दोन्ही रंग घेणारी पेशी कोणत्याही वाटेने मेलेली असू शकते. पहिला भागही वाटतो तितका पक्का नाही, कारण नेक्रोप्टोसिसमध्येही पटल पूर्ण फाटण्याआधी हे लिपिड बाहेर आल्याचे दिसून आले आहे.

हाताळणीत तीन ठिकाणी घात होतो. माध्यम ओतून देऊन फक्त चिकटलेल्या पेशी सोडवल्या, तर मेलेल्या पेशी माध्यमाबरोबर फेकल्या जातात; माध्यम गोळा करून ते नमुन्यात मिसळलेच पाहिजे. ट्रिप्सिनसोबतचे ईडीटीए कॅल्शियम ओढून घेते आणि ॲनेक्सिनला चिकटण्यासाठी कॅल्शियमच लागते, म्हणून ते धुऊन काढून कॅल्शियम असलेल्या बंधन-बफरमध्येच रंगवावे. आणि ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवले किंवा पिपेटने जोरात ढवळले, तर निरोगी पेशींचेही पटल फाटते. कंट्रोलमध्ये दहा टक्क्यांहून जास्त मृत पेशी येत असतील, तर औषधाचे आकडे बघण्याआधी हाताळणी सुधारावी.

पायरी ६: कॅस्पेजचा पुरावा

कॅस्पेज आपल्या लक्ष्याला ॲस्पार्टिक आम्लानंतर कापते, आणि ही कापाकापी ब्लॉटवर दिसते. पार्प हे ११६ किलोडाल्टनचे प्रथिन कापले जाऊन ८९ चा तुकडा येतो. कॅस्पेज-३ चा ३५ च्या आसपासचा निष्क्रिय पट्टा फिका होऊन १७ व १९ चे तुकडे येतात. दोन्ही एकाच नमुन्यात, तरंगत्या पेशी धरून, दिसले पाहिजेत. सोबत कॅस्पेज-८ आणि कॅस्पेज-९ यांचे कापणे वेळेनुसार पाहावे, पण कोण आधी कापले गेले एवढ्यावरून मार्ग ठरवू नये: कॅस्पेज-३ सक्रिय झाल्यावर ते मागे वळून या दोघांनाही कापते. सायटोक्रोम-सीची जागा प्रतिदीप्त सूक्ष्मदर्शकाने पाहिली तर उत्तर जास्त थेट मिळते. जिवंत पेशीत ते धाग्यांसारख्या मायटोकॉन्ड्रियात बांधलेले असते; सुटलेले ते पेशीभर पसरट दिसते.

पायरी ७: पेशीला वाचवून दाखवा

इथवरचा सगळा पुरावा सहसंबंधाचा आहे. मार्ग सिद्ध होतो तो अडवून दाखवल्यावर. कॅस्पेज अडवणारे झेड-व्हॅड-एफएमके २० ते ५० मायक्रोमोलर, किंवा कमी विषारी असलेले क्यू-व्हीडी १० ते २० मायक्रोमोलर, औषधाच्या अर्धा ते एक तास आधी द्यावे. मग तीन निकाल संभवतात.

पेशी वाचल्या, तर मृत्यू कॅस्पेजवर अवलंबून होता. मृत्यू फक्त लांबला आणि ४८ तासांनी पेशी तरीही गेल्या, तर बहुधा मायटोकॉन्ड्रियाची भोके आधीच पडलेली आहेत आणि कॅस्पेज अडवल्याने केवळ शेवटचा विधी बदलला; अशा वेळी बॅक्स आणि बॅक दोन्ही काढलेल्या पेशी किंवा बीसीएल-२ जास्त बनवणाऱ्या पेशी वापरून पाहावे. मृत्यू वाढला, तर नेक्रोप्टोसिसचा संशय घ्यावा: आरआयपीके१ अडवणारे नेक्रोस्टॅटिन-१एस देऊन तो थांबतो का पाहावे आणि मानवी पेशींत सेरीन ३५८ वर फॉस्फेट असलेले एमएलकेएल ब्लॉटवर शोधावे. जुने नेक्रोस्टॅटिन-१ टाळावे, कारण ते आयडीओ या दुसऱ्या विकरालाही अडवते.

कॅस्पेज आणि आरआयपीके१ दोन्ही अडवूनही काही फरक पडला नाही, तर लिपिडांचे ऑक्सिडीकरण रोखणारे फेरोस्टॅटिन-१ आणि लोह बांधणारे डिफेरॉक्सामिन वापरून पाहावे. यांनी पेशी वाचल्या तर लिपिडांच्या ऑक्सिडीकरणातून येणारा फेरोप्टोसिस समोर आहे. २०१२ पूर्वी या मार्गाला नावही नव्हते.

वाचल्या म्हणजे काय, हेही नीट तपासावे. अवरोधक काढून पेशी पातळ पेरून आठ-दहा दिवसांनी वसाहती मोजाव्यात. ज्या पेशी पुन्हा वाढू शकत नाहीत, त्या फक्त रंग नाकारत होत्या.

पायरी ८: तुटलेला जगण्याचा संकेत शोधा

आता मूळ प्रश्नाकडे यावे. एकेटी आणि ईआरके यांचे फॉस्फेट असलेले आणि एकूण असे दोन्ही रूप मोजावे. फक्त पहिले मोजल्यास प्रथिनच कमी झाले की सक्रियता, ते कळत नाही. फॉस्फेटेज-अवरोधक आणि बर्फ यांच्याशिवाय घेतलेला नमुना बिनकामाचा असतो. एकेटीच्या एटीपीच्या जागेत बसणारी औषधे एक चमत्कारिक गोष्ट करतात: एकेटीवरचा फॉस्फेट उलट वाढतो, पण काम बंद असते. म्हणून पीआरएएस४० किंवा जीएसके३ या त्याच्या लक्ष्यांवरचा फॉस्फेट पाहणे जास्त विश्वासाचे. तसेच एकेटीच्या पुढचे एमटॉर हे कायनेज अडवल्यास वरच्या साखळीवरचे ऋण प्रत्याभरण (पुढच्या टप्प्याने मागच्याला घातलेला लगाम) सुटते आणि एकेटी चढते. मारायला गेलेले औषध जगण्याचा संकेत वाढवते ते असे.

समजा, इंटरल्यूकिन-३ या वाढघटकावर जगणाऱ्या रक्तपेशींतून ते काढून घेतले. पहिल्या तासात एकेटी व ईआरके दोन्हींवरचा फॉस्फेट गेला, ८ तासांनी बिम वाढले व एमसीएल-१ घटले, १६ तासांनी सायटोक्रोम-सी पसरले, पार्प कापले गेले; क्यू-व्हीडीने मृत्यू लांबला पण वसाहती आल्या नाहीत; नेक्रोस्टॅटिन-१एसने फरक पडला नाही. यावरून ‘संकेत तुटल्याने मायटोकॉन्ड्रियामार्गे, बीसीएल-२ कुटुंबाच्या निर्णयाने झालेला ॲपॉप्टोसिस’ असे लिहिता येते. बिमच कारणीभूत होते, हे मात्र बिम काढलेल्या पेशी तगून दाखवल्याशिवाय लिहिता येत नाही. त्याच पेशींत बीसीएल-२ भरपूर असेल, तर त्या इंटरल्यूकिन-३ शिवाय जगतात पण विभाजित होत नाहीत. डेव्हिड वॉ, सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी १९८८ मध्ये हेच दाखवले, आणि कर्करोगाचे एखादे जनुक वाढ न घडवता केवळ मरण अडवून काम करू शकते हे त्यातून प्रथम कळले. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध त्याच बीसीएल-२ च्या खोबणीत बसते. एखादी पेशी त्याला दाद देत नसेल, तर आधी तिच्यातले एमसीएल-१ मोजावे.